कोन्या पान्यात? : आपल्या घरच्या धुण्यापुसण्याचा एक जुना इतिहास

गणपती आठ दिवसांवर आले, की आमच्या रामाकोन्याच्या घरी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरायची. पश्चिम महाराष्ट्रातल्या मंडळींकडे ज्या गौरी, त्या आमच्याकडे महालक्ष्म्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा. त्यांचे पितळी मुखवटे, दागिन्यांची डबी, मखराचे पडदे आणि थोरलीचा शालू, असे सगळे त्या एका ट्रंकेत असे. झाकण उघडले की वेखंडाचा उग्र वास यायचा. आजही कुणाच्या घरी बाळगुटीसाठी वेखंड उगाळले, तर आम्हा भावंडांना बाळ दिसायच्या आधी महालक्ष्म्या दिसतात.

ही गोष्ट त्या शालूची. पणजीच्या लग्नातला, वांगी रंगाचा, खऱ्या जरीचा. साल १९८० च्या आसपासचे असेल. आजी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेली होती, सण तोंडावर आला होता, आणि घर साफ करायचे आम्ही तरुण मंडळींनी मनावर घेतले. पडदे काढले, गाद्यांच्या खोळी काढल्या, सतरंज्या अंगणात आणून टाकल्या. घरात धुण्याची पावडर नुकतीच यायला लागली होती. एका मोठ्या गंजात विहिरीचे पाणी भरले, दोन मुठी पावडर टाकली, आणि पडद्यांबरोबर तो शालूही रात्रभर भिजत घातला. सकाळी गंजातले पाणी जांभळे झाले होते आणि पांढरे पडदेही जांभळट. शालू वाळल्यावर हाताला खरखरीत लागला, जर काळवंडली, आणि पदर घडी घालताना घडीवरच चिरला.

आजी आली. तिने शालू हातात घेतला, पदर उलटापालटा करून पाहिला. आम्ही बोलणी खायच्या तयारीत उभे. ती रागावली नाही. तिने एवढेच विचारले, "कोन्या पान्यात टाकला होता?" आम्ही पावडरीचे नाव सांगितले. ती म्हणाली, "साबन नाही इचारला मी. पानी इचारलं."

तेव्हा आम्हाला तो प्रश्न कळला नाही. म्हातारीला ऐकू कमी येते, असे वाटले. त्यानंतर इतकी वर्षे गेली, आम्ही गावाबाहेर पडलो, या शहरात येऊन स्थायिक झालो, आणि आता आपल्या मंडळाच्या माळ्यावरची जुनी जाजमे आणि मखमली पडदा धुवायचा विषय निघाला तेव्हा तो प्रश्न पुन्हा आठवला. स्मरणिकेसाठी काही लिहा असे म्हणाल्यावर आम्ही ठरवले की यंदा त्या प्रश्नावरच लिहू.

ज्यांना रामाकोना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे. नागपूरहून छिंदवाड्याला जाताना सौंसर सोडले की रामाकोना लागते आणि पुढे सिल्लेवानीचा घाट चढायचा असतो. गाव कन्हान नदीच्या काठी. भोसल्यांचे राज्य गेले, इंग्रजांचा मध्य प्रांत आला, तरी आमची राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि सौंसर, पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. बोली तीच, पोळा तोच, महालक्ष्म्या त्याच. शाळेचे पुस्तक तेवढे हिंदी झाले. २०२३ पासून आमचा जिल्हाही छिंदवाडा राहिला नाही, पांढुर्णा झाला. एक गंमत म्हणजे भूशास्त्राच्या पुस्तकांत आमच्या या खेड्याचे नाव आहे. मध्य भारतातल्या अतिप्राचीन खडकांच्या एका पट्ट्याला अभ्यासक 'रामाकोना-कटंगी पट्टा' म्हणतात. त्याच्या शेजारच्या, मँगनीज असलेल्या खडकांच्या मालिकेला सौंसरचेच नाव आहे. त्यात संगमरवरही आहे, म्हणजे मुळात चुनखडीच.

हे खडक इथे उगाच आणले नाहीत. चुनखडीच्या, संगमरवराच्या आणि काळ्या पाषाणाच्या मुलखात विहिरीचे पाणी जड असते. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळलेले असते. साध्या साबणाची त्याच्याशी गाठ पडली की फेस येत नाही, उलट दह्यासारखी पांढरी साय धरते, आणि ती साय कापडाच्या धाग्यात जाऊन बसते. सुती धोतर चार धुण्यांत करडे पडते ते मळामुळे कमी आणि या सायीमुळे जास्त. नदीचे, त्यातही पावसाळ्यातले, पाणी विहिरीपेक्षा हलके. म्हणून आमच्याकडे वाकळी आणि सतरंज्या कन्हानवर जायच्या, आणि रेशमी वस्त्र असेल तर आजी पागोळीखाली हंडा लावून धरलेले पावसाचे पाणी घ्यायची. गणपती भाद्रपदात येतात, तोवर पावसाचे पाणी घरात असतेच. "कोन्या पान्यात?" या प्रश्नात हे सगळे होते.

पण पाणी हा प्रश्नाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा कापडाचा.

कोणते कापड कशाने धुवावे याचे आपल्याकडचे लिखित नियम फार जुने आहेत. याज्ञवल्क्य स्मृतीच्या पहिल्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे प्रकरण आहे. तिथे लोकर आणि रेशीम खाऱ्या मातीने, पाण्याने आणि गोमूत्राने धुवायला सांगितले आहे. तलम रेशमी वस्त्राला बेलफळ, डोंगरी बकऱ्यांच्या लोकरीच्या कांबळीला रिठा, आणि जवसाच्या धाग्याच्या कापडाला पांढरी मोहरी. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातही जवळपास हीच यादी आहे, आणि धातूंसाठी राख, आंबट आणि पाणी ही तीन साधने दिली आहेत. याज्ञवल्क्यावरची 'मिताक्षरा' ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात लिहिली, म्हणजे आपल्या दक्षिणेतच. या ग्रंथांतल्या शुद्धीचा अर्थ मुळात धार्मिक आहे, हे आम्हाला ठाऊक आहे, आणि त्यांनी माणसांवर लादलेल्या शुद्धाशुद्धतेचे काय झाले तेही ठाऊक आहे. तरी ती यादी लिहिणाऱ्याने कुणातरी धुणाऱ्याला नीट विचारले असणार. कारण तिचे मर्म असे की प्रत्येक धाग्याला त्याचे त्याचे औषध आहे. सगळ्यांना एकच पावडर नाही.

आज रसायनशास्त्र काय सांगते ते पाहा. लोकर आणि रेशीम हे प्राण्यांपासून आलेले धागे. ते आपल्या केसांसारखे प्रथिनांचे बनलेले असतात आणि तीव्र क्षार त्यांना अक्षरशः खातो. सूत, ताग, जवसाचा धागा हे वनस्पतींचे. त्यांना क्षार चालतो, पण आम्लाने ते कुजतात. धुण्याची साधी पावडर चांगलीच क्षारधर्मी असते, कारण ती सुती कपड्यांचा तेलकट मळ काढायला केलेली असते. तिचा दोष नव्हता. आम्ही रेशीम रात्रभर त्यात ठेवले, हा दोष आमचा. रिठ्याचे पाणी मात्र किंचित आम्लधर्मी असते. त्याच्या सालीत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. ती पाण्याचा ताण कमी करतात, मळ सोडवतात, जड पाण्यातही सायीसारखी धरत नाहीत, आणि रेशमाला, लोकरीला इजा करत नाहीत. भारतात जुन्या वस्त्रांचे जतन करणारे लोक आजही रिठ्याचे पाणी वापरतात ते याचसाठी. शिकेकाईच्या शेंगेतही हीच द्रव्ये आहेत, म्हणून ती केसांना चालते.

आता हे लिहिताना एक मोह टाळला पाहिजे. जुने ते सगळे सौम्य, असे मुळीच नव्हते. याज्ञवल्क्याची ती खारी माती म्हणजे सोड्याची माती. उत्तरेत तिला रेह म्हणतात. तिचे पाणी आजच्या पावडरीइतकेच किंवा जास्तच तीव्र असू शकते, आणि ती लोकरीला लावणे आम्हाला काही पटत नाही. गोमूत्र तिची धार किती कमी करत असेल कोण जाणे. राखेचे पाणी सुताला उत्तम, हाताला मात्र वाईट. आमच्या आजीच्या पिढीच्या बायकांच्या बोटांना दिवाळीपर्यंत भेगा पडलेल्या असत. जुन्या पद्धती पर्यावरणाला अनुकूल होत्या असे आपण म्हणतो, पण त्या कुणाच्या हातांच्या जोरावर चालत होत्या, तेही म्हणावे.

या खाराचे मोठे भांडार आपल्या विदर्भात होते. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर आज आपण उल्कापाताचे म्हणून पाहायला जातो. शेकडो वर्षे लोक तिथे जात ते खारासाठी. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर आणि तळाशी सोड्याचे थर बसत. त्यांच्या प्रतीप्रमाणे दल्ला, निमक दल्ला, खप्पल, पापडी, भुस्की अशी वेगवेगळी नावे होती. अकबराच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी'त लोणारचा उल्लेख आहे आणि काच व साबण करण्याचा माल तिथे मिळतो असे त्यात म्हटले आहे. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडे साबण माहीत होता. शब्द परका आहे. अरबीत साबून, पोर्तुगीजांचे साबांव. वस्तूही दरबाराची, शहराची. आमच्यासारख्या खेड्यांत ती अलीकडची.

खेड्यात घरच्या पलीकडचे धुणे वरठी करीत. पुण्याकडे परीट म्हणतात, आमच्याकडे वरठी. घरच्या बायका रोजचे कपडे धुवत, पण लग्नाच्या सतरंज्या, सुतकाचे, बाळंतिणीचे अंथरूण, गादीच्या खोळी वरठ्याकडे. तो भट्टी लावायचा. खाऱ्या पाण्यात भिजवलेले कपडे भांड्यावर रचून वाफेवर ठेवायचे आणि पहाटे नदीवर न्यायचे. वाफेने उवा, पिसवा, रोगजंतू सगळे मरत. आजचे मशीन जे नव्वद अंशांवर करते तेच हे. कोणत्या घरचा कपडा कोणता, हे तो बिब्ब्याच्या खुणेने ओळखायचा. बिब्ब्याची ती काळी खूण कशानेही जात नसे. आमच्या एका जुन्या चादरीच्या कोपऱ्यावर अजून तीन ठिपके आहेत. चादर विरली, ठिपके तसेच.

स्मृतींनी वस्त्रे शुद्ध करणाऱ्या या माणसाला मात्र खालची पायरी दिली. ज्याच्या हाताने सोवळे स्वच्छ व्हायचे त्याच्याकडून आलेले सोवळे पुन्हा पाण्यातून काढायचे, असा उलटा न्याय कितीतरी घरांत चालत असे. आमच्याही घरात होता, लपवण्यात अर्थ नाही. या समाजातल्या एका मुलाने पुढे हातात खराटा घेऊन सगळ्या महाराष्ट्राची गावे झाडली. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ ला जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांची डोकी. २० डिसेंबर १९५६ ला ते गेले, आमचा भाग विदर्भापासून वेगळा झाला त्याच्या पन्नासाव्या दिवशी. आजी दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगायची, जणू एकच दुखणे.

रिठा आमच्याकडे विकत आणायची गोष्ट होती, पण दुकानातली नाही. सातपुड्याच्या डोंगरातून गोंड बाया आठवडी बाजाराला हिरडा, बेहडा, मोहफुले, चारोळी आणि रिठा घेऊन येत. आजी रिठा दाताखाली न धरता कानाशी हलवून घ्यायची. आतली बी खुळखुळली की फळ नीट वाळलेले. बदल्यात मीठ, तेल, कधी जुने लुगडे दिले जाई. एका अर्थी आमच्या घरच्या स्वच्छतेचा एक धागा जंगलापर्यंत जात होता आणि एक नदीपर्यंत.

मग साबण आला. इंग्लंडात लिव्हर ब्रदर्सनी केलेल्या 'सनलाइट' साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या १८८८ साली. तिथून खेड्यांपर्यंत यायला त्याला काही दशके लागली, आणि आमच्याकडे तो आला तो छोट्या गाडीने. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज गाडी बंगाल नागपूर रेल्वेची. सौंसर, रामाकोना, देवी, कुकडीखापा करत ती डोंगर चढायची. सुमारे शंभर वर्षे धावून २०१५ साली ती बंद झाली आणि आता तिथे मोठी लाइन आहे. या गाडीने इकडची संत्री आणि कापूस नागपूरला नेला आणि तिकडून रॉकेल, चहा, काचेच्या बांगड्या आणि साबण आणला. जुन्या घरांत साबणाला विरोध झाला, कारण विलायती साबणात जनावराची चरबी असे. पहिले महायुद्ध संपता संपता गोदरेजांनी वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला आणि ही अडचण सुटली. रवींद्रनाथ टागोरांनी त्या साबणाची शिफारस केली होती. पुढे टाटांचा '५०१' बार आला. तो तारेने कापून विकत. आमच्या लहानपणी साबणाची वडी म्हणजे हाच पिवळट तुकडा, खुंटीवरच्या नारळाच्या करवंटीत ठेवलेला.

तरी साबणाने जुने ज्ञान पुसले नाही. साबण महाग होता. तो शर्टाच्या कॉलरला लागायचा. सतरंजीला कोण लावणार? खरा बदल झाला पावडरीने. 'सर्फ' भारतात आले १९५९ साली, पण ते शहरातल्या नोकरदारांचे. १९६९ साली अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी घराच्या आवारात पिवळी पावडर करून सायकलवरून विकायला सुरुवात केली. नाव 'निरमा', आपल्या मुलीच्या नावावरून. मोठ्या कंपन्यांची पावडर तेरा रुपये किलोच्या घरात असताना ही तीन रुपयांना. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत भारतातल्या खेड्यापाड्यांत पावडर पोहोचली. त्यात वाईट काही नव्हते. बायकांचे श्रम अर्धे झाले. राखेचे पाणी गाळणे संपले, भट्टी संपली. आमच्या आईने पावडरीला जितके आशीर्वाद दिले तितके आम्हालाही दिले नसतील. फक्त स्वस्त आणि जोरदार असे एकच उत्तर हाताशी आले, की प्रश्न विचारायची सवय जाते. कोणते कापड, कोणता मळ, कोणते पाणी, हे विचारणारी आजी त्या वर्षी घरात नव्हती, एवढेच.

असाच प्रकार खाटांचा झाला. हे जरा किळसवाणे आहे, पण इतिहासात ढेकणांनाही जागा असावी. सुंभाच्या बाजा आणि लाकडी पलंग यांच्या सांध्यांत ढेकूण होत. उपाय ठरलेला. एप्रिल-मे महिन्यात बाज अंगणात उलटी टाकायची, सांध्यांत उकळते पाणी सोडायचे, वाकळी दोन दिवस तापल्या पत्र्यावर घालायच्या. आमच्याकडच्या मे महिन्यात पत्र्यावर हात ठेवता येत नाही, आणि ढेकूण पन्नास अंशांच्या आसपास टिकत नाही. १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगाव घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारले गेले. हिवताप खरोखर कमी झाला, ते ऋण मान्य करायलाच हवे. बरोबर ढेकूणही मेले, म्हणून लोक खूश. पण थोड्याच वर्षांत ढेकणांनी डीडीटी पचवले. अमेरिकन आरमाराच्या पर्ल हार्बरच्या तळावर हे १९४७ सालीच दिसून आले होते. तोवर आमच्याकडची बाज उन्हात टाकायची सवय मोडली होती. मग 'आता औषध लागत नाही' म्हणून लोक आणखी कडक औषधे आणू लागले. उन्हाला मात्र कुठलाही ढेकूण आजवर सरावलेला नाही.

ट्रंकेतल्या वेखंडाची जागा डांबराच्या गोळ्यांनी घेतली, तीही याच काळात. या गोळ्या नॅफ्थलिनच्या. काही माणसांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे विकर जन्मतः कमी असते, आणि अशा बाळाला गोळ्यांत ठेवलेली दुपटी तशीच गुंडाळली तर त्याच्या रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. ही गोष्ट डॉक्टरांना चांगली माहीत आहे. ज्या घरात तान्हे मूल आहे त्यांनी निदान दुपट्यांत गोळ्या ठेवू नयेत. वाळलेला कडुलिंबाचा पाला, वेखंडाचे तुकडे आणि वर्षातून दोनदा ऊन, एवढ्यावर आमच्या वाकळी तीन पिढ्या टिकल्या.

आता मंडळाच्या वस्तूंकडे वळू. कार्यकारिणीत जाजमे मशीनवर द्यायचे ठरत होते. आम्ही आठ दिवस मागून घेतले आणि आजीचे प्रश्न क्रमाने विचारले.

जाजमे सुती आहेत, रंग पक्का आहे. पांढरे ओले फडके कोपऱ्यावर दाबून पाहिले, रंग उतरला नाही. त्यांना रिठ्याची गरजच नाही. आधी उन्हात टाकून काठीने झोडपली. निम्मे काम तिथेच झाले, कारण जाजमातला मळ बहुतेक धूळ असते आणि धूळ ओली केली की तिचा चिखल होतो. मग थोडासा साधा साबण, भरपूर पाणी. मखमली पडदा मात्र भिजवायचाच नाही. त्याचे अस्तर आणि मखमल वेगवेगळी आकसतात. तो लवेच्या दिशेने कोरड्या मऊ ब्रशने झाडला आणि सावलीत वाऱ्यावर टांगला.

कनिष्ठेचे जुने रेशमी लुगडे आणि मंडळाचा जरीचा शेला यांना रिठा. आमचे प्रमाण असे. लिटरभर पाण्याला बारा-पंधरा रिठे, बी काढून, रात्रभर भिजवायचे. सकाळी मंद आचेवर दहा मिनिटे, कुस्करून, दुहेरी फडक्यातून गाळायचे. पूर्ण थंड झाल्यावर चौपट साध्या पाण्यात मिसळायचे. पावसाचे किंवा आजकाल घरोघरी मिळणारे आरओचे पाणी घ्यावे. वस्त्र पसरट परातीत आडवे ठेवून पाच-सात मिनिटे नुसते दाबायचे. चोळायचे नाही, पिळायचे नाही. तीन पाण्यांतून काढून जुन्या पंचात गुंडाळून पाणी टिपायचे आणि सावलीत आडवे वाळवायचे. रेशमाला ऊन नको. पांढऱ्याशुभ्र वस्त्राला रिठा किंचित तांबूस झाक देतो, तेही आधी कोपऱ्यावर पाहावे. आणि डोळे सांभाळा. रिठ्याचे पाणी डोळ्यात गेले तर मिरचीचा विसर पडतो. विरलेल्या, चिरलेल्या जुन्या वस्त्राला मात्र पाणी लावूच नये. ते जाणकाराकडे न्यावे, नाहीतर आहे तसे जपावे.

समया आणि मुखवट्यांना चिंच. चिंचेतले आम्ल पितळेवरचा काळा थर विरघळवते. पण चिंच लावून विसरायचे नाही, लगेच धुऊन कोरडे करायचे. मुलामा दिलेल्या वस्तूंना चिंचही नको आणि राखही नको. राख बारीक कानशीच असते. दरवर्षी घासून घासून काही घरांतल्या मुखवट्यांची नाके गुळगुळीत झालेली आम्ही पाहिली आहेत. लाकडी मखर कोरड्या फडक्याने पुसून वर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात. इथे एक धोक्याची सूचना. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना तापते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी पसरून वाळवा, मगच टाका.

हल्ली मोबाइलवर फिरणारे एक मिश्रण म्हणजे खाण्याचा सोडा आणि लिंबू किंवा व्हिनेगर एकत्र करून लावणे. फेस मोठा येतो, बघायला छान. पण क्षार आणि आम्ल एकमेकांना मारून टाकतात आणि उरते जवळजवळ खारट पाणी. दोन्ही उपयोगी आहेत, वेगवेगळे. ब्लीचिंग पावडर आणि संडासाचे अॅसिड मात्र कधीच एकत्र आणू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

राहिले धुतलेले पाणी. रिठा नैसर्गिक आहे, म्हणून ते पाणी नदीत सोडले तरी चालते असे आम्हीही समजत होतो. चालत नाही. रिठ्यातली तीच द्रव्ये माशांच्या कल्ल्यांवर घाला घालतात. अनेक देशांतले आदिवासी रिठ्याच्या जातीची फळे डोहात कुटून टाकून मासे गुंगवून पकडत आले आहेत. पावडरीतल्या फॉस्फेटने शेवाळ माजते आणि पाण्यातला प्राणवायू संपतो, हा वेगळा त्रास. म्हणून दोन्ही पाणी आधी जमिनीत. रामाकोन्याला कन्हानवर वाकळी धुतल्या जात तेव्हा माणसे थोडी होती, पाणी फार होते. आता उलटे झाले आहे. आणि कन्हान आमच्या गावापाशी संपत नाही. ती पुढे महाराष्ट्रात उतरते, तिला पेंच मिळते, नागपूरच्या नळांना तिचे पाणी जाते. तिथे आमच्या आत्या आणि मामे-मावस भावंडे राहतात. १९५६ साली नकाशावर रेघ पडली खरी, पण इकडचे धुणे तिकडच्या हंड्यात जायचे राहिले नाही.

तो चिरलेला शालू आजीने टाकला नाही. पदराचा धड भाग कापून तिने महालक्ष्म्यांच्या पाटावर घालायचे आसन शिवले. उरलेल्याच्या पट्ट्या आमच्या वाकळीत गेल्या. यंदा ते आसन आम्ही मंडळाला दिले आहे. रिठ्याच्या पाण्यातून काढून, सावलीत वाळवून, काल रात्रीच त्याची घडी घातली. पाणी पावसाचे होते.